शिअर पीन : तुटण्यासाठीच बसविलेला तुकडा

(लेथवर काम करणाऱ्या तरुण कारागिरांसाठी एक अभ्यासपाठ)

आपल्या वस्त्यांमधून दरवर्षी कितीतरी मुले आयटीआयमधून टर्नर, फिटर, मशिनिस्ट होऊन बाहेर पडतात. कोणी भोसरी-चाकणला लागतो, कोणी सातपूर-अंबडला, कोणी वाळूजला, तर कोणी शिरोलीच्या वसाहतीत. परीक्षेसाठी त्यांनी लेथचे सर्व भाग पाठ केलेले असतात. परंतु चालता लेथ अचानक थांबला म्हणजे काय करावे, हे पुस्तकात थोडे आणि अनुभवातच जास्त सापडते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एकच लहानसा विषय घेतला आहे. तो म्हणजे लेथची तुटलेली शिअर पीन बदलणे. पीन बोटाएवढीही नसते आणि किंमत तर नाममात्र. पण ती चुकीची बसविली तर किती नुकसान होते, हे आम्ही स्वतःच्या हातून घडलेल्या चुकीमुळे शिकलो आहोत. ती हकीकतही पुढे सांगणार आहोत.

१. पीन कोठे असते आणि कशासाठी असते

लेथचा स्पिंडल फिरतो आणि त्याची गती गिअरमार्फत फीड गिअर बॉक्सकडे जाते. गिअर बॉक्समधून बाहेर येणारा छोटा शाफ्ट लीड स्क्रूला फिरवितो. या दोघांचा सांधा बहुतेक लेथवर एका नळीसारख्या तुकड्याने जोडलेला असतो. त्याला स्लीव्ह किंवा कपलिंग म्हणतात. स्लीव्ह आणि लीड स्क्रूचे टोक यांतून आरपार छिद्र पाडून त्यात जी पीन बसवितात, तीच शिअर पीन. शिअर म्हणजे कातरणे. कात्रीची दोन पाती कागदाला जसे कापतात, तसे स्लीव्ह आणि शाफ्ट हे दोघे मिळून जास्तीचा भार आल्यावर या पिनेला कापतात.

सर्व लेथची रचना सारखी नसते, हे ध्यानात ठेवावे. काही लेथवर पीन गिअर बॉक्सजवळ असते, काहींवर चेंज गिअरच्या शाफ्टमध्ये पितळेची चावी बसविलेली असते. ज्या लेथवर फीड रॉड वेगळा असतो, त्यावर फीड रॉडला पुष्कळदा स्प्रिंग व छर्ऱ्यांचा घसरणारा क्लच असतो आणि लीड स्क्रूला तेवढी पीन असते. म्हणून प्रथम आपल्या मशीनचे मॅन्युअल पाहावे. मॅन्युअल नसेल तर कव्हर काढून गती कोठून कोठे जाते ते बोटाने दाखवीत दाखवीत शोधावे.

ही पीन मुद्दामच कमजोर ठेवलेली असते. कॅरेज चकवर आदळली, किंवा बुरा अडकून रुतली, तर कोठेतरी काहीतरी तुटणारच. गिअरचा दात तुटावा, हाफ नटचे आटे उखडावेत, लीड स्क्रू वाकावा, की दोन-चार रुपयांचा पितळेचा तुकडा तुटावा, एवढाच प्रश्न उरतो. मशीन बनविणाऱ्याने विचारपूर्वक उत्तर दिलेले असते की, तुकडा तुटावा.

हे तत्त्व आपल्या घरातही आहे. विजेच्या फ्यूजची तार जास्त भार आल्यावर वितळते म्हणून घरातील वायरिंग जळत नाही. प्रेशर कुकरची शिट्टी तुंबली तर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो म्हणून कुकर फुटत नाही. ट्रॅक्टरने चालणाऱ्या कित्येक शेती अवजारांनाही असाच शिअर बोल्ट असतो. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तांब्याची तार गुंडाळणारे लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. लेथवरही नेमकी तीच चूक होते.

२. आमच्या हातून घडलेली चूक

आम्ही नवखे असतानाची गोष्ट. भोसरी परिसरातील एका लहान शेडमध्ये आम्ही टर्नर म्हणून लागलो होतो. शेडमध्ये दोन लेथ, एक शेपर आणि एक ड्रिल मशीन. काम पीस रेटवर, म्हणजे जितके नग तितके पैसे. आमच्या लेथची शिअर पीन आठवड्यातून दोनदा तुटत असे. प्रत्येक वेळी पाऊण तास जाई आणि तेवढे नग कमी भरत. एके दिवशी वैतागून आम्ही एका मोडक्या ड्रिलची शँक कापली आणि पिनेच्या जागी ठोकून दिली. त्यानंतर पीन तुटणे बंद झाले. आम्हाला मोठी युक्ती साधली असे वाटले.

सुमारे दीड महिना गेला. एका संध्याकाळी शेवटचे काही नग उरले होते. खांद्यापर्यंत आटे पाडावयाचे होते. हाफ नट उघडावयास आम्हाला क्षणभर उशीर झाला आणि कॅरेज चकच्या जबड्यावर जाऊन आदळली. पीन तुटली नाही. गिअर बॉक्समध्ये मोठा आवाज झाला. उघडून पाहिले तेव्हा एका गिअरचे तीन दात तेलात पडलेले होते आणि हाफ नटच्या ब्राँझचे आटे सोलून निघाले होते.

गिअर कापून मिळेपर्यंत लेथ एकोणीस दिवस उभा राहिला. दुसऱ्या लेथवर शेडमधील वडीलधारे टर्नर काम करीत. सर्व जण त्यांना मामा म्हणत. आमचे काम थांबू नये म्हणून शेठनी तो लेथ दोघांत वाटून दिला, म्हणजे मामांची निम्मी कमाई गेली. त्याच महिन्यात त्यांना मुलीची कॉलेजची फी भरावयाची होती, हे आम्हाला फार नंतर कळले. ते स्वतः एका शब्दाने बोलले नाहीत. ड्रिलची शँक कोणी ठोकली, असे शेठनी विचारले तेव्हा आम्ही गप्प बसलो. रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन कबूल केले.

मामा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “अरे, पीन तुटत होती म्हणजे ती तुला काहीतरी सांगत होती. तू तिचं तोंडच बंद केलंस.” मग त्यांनी विचारले, “तुटायची तेव्हा कॅरेज कुठं असायची?” आम्हाला उत्तर देता येईना. आम्ही कधी पाहिलेच नव्हते. आठवून आठवून सांगितले, की बहुधा टेलस्टॉकच्या बाजूला, आटे पाडावयास सुरुवात करतानाच.

नवा गिअर बसल्यावर मामांनी कॅरेज उजव्या टोकाला नेली आणि हाफ नट हळूच बंद करून दाखविला. लीड स्क्रू केसभर वर उचलला गेला. काही महिन्यांपूर्वी मशीनची जागा बदलताना लीड स्क्रूच्या उजव्या टोकाचा बेअरिंग ब्रॅकेट काढून पुन्हा लावला होता, तो सरळ रेषेत बसला नव्हता. कॅरेज ब्रॅकेटजवळ असताना लीड स्क्रूला वाकावयास जागा कमी मिळे, म्हणून तो तेथेच जखडे आणि पीन तुटे. मामांनी ब्रॅकेटचे बोल्ट सैल केले, कॅरेज ब्रॅकेटजवळ आणून हाफ नट बंद केला, लीड स्क्रूला आपली जागा घेऊ दिली आणि मग बोल्ट आवळले. दहा मिनिटांचे काम. त्यानंतर त्या लेथवर आम्ही काम करीत होतो तोपर्यंत पीन एकदाच तुटली, आणि ती आमच्याच चुकीने.

३. थोडे गणित

“पीन थोडी मजबूत बसविली तर काय बिघडते?” असे पुष्कळ जण विचारतात. त्याचे उत्तर आकड्यांत पाहू. समजा पीन ४ मि.मी. व्यासाची आहे आणि लीड स्क्रूचे टोक २० मि.मी. व्यासाचे आहे. पिनेच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १२.५७ चौ. मि.मी. येते. पीन आरपार असल्यामुळे ती दोन ठिकाणी कापली जावी लागते, म्हणून एकूण सुमारे २५ चौ. मि.मी.

पितळ कातरण्यास दर चौ. मि.मी.ला स्थूलमानाने २२० न्यूटन जोर लागतो, माइल्ड स्टीलला सुमारे ३२० आणि कडक केलेल्या पिनेला १,००० किंवा त्याहून अधिक. धातूच्या प्रतीप्रमाणे हे आकडे कमीजास्त होतात, तथापि तुलना करण्यास ते पुरेसे आहेत. साधारण १० न्यूटन म्हणजे १ किलोचा भार असे धरावे.

यावरून पितळेची पीन सुमारे ५,५०० न्यूटनला तुटेल. हा जोर शाफ्टच्या मध्यापासून १० मि.मी. अंतरावर लागतो, म्हणून पीळ सुमारे ५५ न्यूटन-मीटर झाला. माइल्ड स्टीलची पीन सुमारे ८० न्यूटन-मीटरला तुटेल. कडक पीन २५० पर्यंत तग धरील.

आता हा पीळ कॅरेजला किती जोराने ढकलतो ते पाहू. लीड स्क्रूचा पिच ६ मि.मी. असेल आणि दोन तृतीयांश जोर घर्षणात वाया गेला असे धरले, तरी पितळेची पीन तुटण्यापूर्वी कॅरेज जवळजवळ दोन टनांच्या जोराने पुढे रेटली जाते. कडक पीन असेल तर हाच हिशोब नऊ टनांच्या आसपास जातो. अर्थात तेवढा जोर येईपर्यंत लेथचे दुसरे काही टिकतच नाही. पट्टा घसरला तर नशीब, नाहीतर गिअरचा दात जातो. म्हणजे पितळेची पीनसुद्धा कामापुरती भरपूर मजबूत असते. नेहमीच्या कापात ती तुटत असेल तर दोष पिनेचा नसून दुसरीकडे आहे.

आणखी एक गोष्ट. पिनेची ताकद व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ४ ऐवजी ५ मि.मी.ची पीन घातली तर ताकद सव्वापट होत नाही, दीडपटीहून थोडी जास्त होते. ६ मि.मी.ची घातली तर सव्वादोनपट होते. “थोडीच जाड आहे” असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

४. पीन तुटली आहे हे कसे ओळखावे

स्पिंडल फिरतो आहे, पण कॅरेज चालत नाही, एवढ्यावरून पीन तुटली असे ठरवू नये. पुढील क्रमाने पाहावे.

(अ) गिअर बॉक्सचे दांडे आणि फीड उलटसुलट करण्याचा दांडा आपापल्या खाचेत पूर्ण बसले आहेत का?

(आ) चेंज गिअर एकमेकांत अडकलेले आहेत का? त्यांपैकी एखाद्याची चावी निसटली तर नाही?

(इ) गिअर बॉक्समधून येणारा शाफ्ट फिरतो, पण लीड स्क्रू फिरत नाही, असे दिसते का? दिसत असेल तर पीन तुटली असे समजावे. दोघांवर खडूने एक आडवी रेघ ओढली, मशीन बंद करून चक हाताने फिरविला आणि रेघ तुटली, की शंका राहत नाही.

(ई) लीड स्क्रू फिरतो आहे तरीही कॅरेज चालत नसेल, तर पीन शाबूत आहे. दोष एप्रनमध्ये किंवा हाफ नटमध्ये शोधावा.

५. तुटलेली पीन काढणे

प्रथम मेन स्विच बंद करावा. केवळ लेथचे बटण दाबून भागत नाही. शक्य असेल तर फ्यूज काढून खिशात ठेवावा आणि स्विचवर “काम चालू आहे” अशी पाटी लावावी. चकची चावी चकमध्ये राहिलेली नाही हे पाहावे. हाफ नट उघडा करावा आणि फीडचा दांडा मधल्या जागी आणावा. हत्यार जॉबमध्ये रुतले असेल तर आधी चक हाताने उलटा फिरवून ते मोकळे करावे. ताणलेल्या स्थितीत कोणताही भाग सोडू नये, तो एकदम सुटून बोटावर येतो.

मग कपलिंग केरोसिन आणि चिंधीने स्वच्छ पुसावे. पिनेची दोन टोके दिसू लागतील. आतमध्ये मात्र तिचे तीन तुकडे झालेले असतात. एक तुकडा शाफ्टच्या छिद्रात आणि दोन तुकडे स्लीव्हच्या दोन भिंतींत. तिन्ही छिद्रे एका रेषेत आल्याशिवाय काहीच बाहेर येणार नाही. येथे घाई करून हातोडी मारली, तर स्लीव्हमधला तुकडा शाफ्टवर ठेचला जातो आणि काम दुप्पट होते.

म्हणून पिनेपेक्षा किंचित बारीक पिन पंच टोकावर हलकेच दाबून धरावा आणि दुसऱ्या हाताने लीड स्क्रू सावकाश फिरवावा. छिद्रे जुळली की तुकडा जरासा आत सरकल्याचे हाताला जाणवते. तेथेच थांबावे. शाफ्टच्या खाली लाकडाचा ठोकळा आधाराला द्यावा, नाहीतर ठोके मारताना लीड स्क्रू वाकेल. मग लहान हातोडीने हलके हलके ठोके देऊन तिन्ही तुकडे पलीकडे काढावेत. पीन निमुळती असेल, तर बारीक टोकाकडून ठोकावे. दोन्ही टोके मोजून पाहिल्यावर कोणते बारीक ते कळते.

छिद्रे जुळूनही तुकडे निघत नसतील, तर कडांवर उठलेले धारदार काठ आड येत असतात. कारागीर त्यांना बर म्हणतात. अशा वेळी लीड स्क्रूच्या उजव्या टोकाचा ब्रॅकेट काढून लीड स्क्रू उजवीकडे सरकवावा आणि स्लीव्हमधून बाहेर घ्यावा. लीड स्क्रू जड असतो. दोघांनी मिळून धरावा, लोंबकळत ठेवू नये. शाफ्टवरील बर बारीक कानशीने काढावी. ब्रॅकेट परत बसविताना मात्र वर सांगितलेली मामांची रीत विसरू नये.

तीन तुकडे मोजून घ्यावेत. एखादा तुकडा आत राहिला, तर नवी पीन अर्धवट बसते.

६. नवी पीन तयार करणे

मशीन बनविणाऱ्याने पिनेचा धातू व माप दिले असेल तर तेच वापरावे. त्यात आपली अक्कल चालवू नये. माहिती मिळत नसेल, तर पितळेपासून सुरुवात करावी. नेहमीच्या योग्य कापात पितळेची पीन तुटते आणि दुसरा काही दोष सापडत नाही, अशी पूर्ण खात्री झाल्यावरच माइल्ड स्टील घ्यावे. कमी ताकदीकडून जास्तीकडे जावे, उलट कधीही जाऊ नये.

पुढील वस्तू शिअर पीन म्हणून कधीही वापरू नयेत : ड्रिलची शँक, सिल्व्हर स्टील, कडक डॉवेल पीन, स्प्रिंगच्या पत्र्याची गुंडाळलेली पीन आणि हाय टेन्साइल बोल्ट किंवा ॲलन स्क्रूचा तुकडा. खिळाही घालू नये. त्याची तार ओढून कडक झालेली असते आणि ती किती भाराला तुटेल याचा भरवसा नसतो.

पीन तयार करण्यासाठी दुसरा लेथ लागतो असे नाही. शिअर पीन तुटलेल्या लेथचा स्पिंडल फिरतो आणि हाताने चालविण्याच्या स्लाइड चालतात. म्हणून गिअर बॉक्स मधल्या जागी ठेवून, कपलिंगचे कव्हर परत लावून, तोच लेथ आपली पीन आपण बनवू शकतो. मात्र लीड स्क्रू बाहेर काढलेला असेल तर हे करू नये.

४ मि.मी.चा पितळी रॉड तयार मिळतो. त्याचा तुकडा कापून दोन्ही टोकांना हलका उतार दिला म्हणजे झाले. लांबी स्लीव्हच्या बाहेरील व्यासापेक्षा अर्धा ते एक मि.मी. कमी ठेवावी. स्लीव्ह ३२ मि.मी. असेल, तर पीन ३१ किंवा साडेएकतीस. पिनेचे टोक बाहेर राहता कामा नये. फिरत्या शाफ्टवरचे एवढेसे टोकही शर्टाची बाही किंवा चिंधी पकडते आणि मग हात ओढला जातो.

छिद्र लांबट झाले असेल तर हॅन्ड रीमरने पुढच्या मापाचे करावे, उदाहरणार्थ ५ मि.मी. परंतु मग ५ मि.मी.ची सरळ पीन घातली तर ताकद दीडपटीवर जाईल. यावर उपाय असा : पीन ५ मि.मी.ची करावी, पण जेथे ती कातरली जावयाची त्या दोन ठिकाणी बारीक खाचा घेऊन तेथील व्यास ४ मि.मी. ठेवावा. शाफ्ट २० मि.मी.चा असेल तर दोन्ही खाचांच्या मध्यांतील अंतर २० मि.मी. यावे आणि त्या पिनेच्या मध्यापासून सारख्या अंतरावर असाव्यात. अशा पिनेचा आणखी एक फायदा म्हणजे ती खाचेतच स्वच्छ तुटते आणि तुकडे काढण्यास सोपे जातात.

एक पीन करावयाची तेव्हा पाच कराव्यात. उरलेल्या चार एका डबीत घालून, डबीवर माप, धातू आणि कोणत्या मशीनची ते लिहून, डबी हेडस्टॉकजवळच टांगावी. योग्य पीन हाताशी नसते, म्हणूनच माणूस घाईत भलते काहीतरी ठोकतो. आम्ही तेच केले होते.

७. बसविणे व चाचणी

छिद्रे स्वच्छ पुसून तेलाचा थेंब द्यावा. पीन अंगठ्याने निम्मी आत जावी आणि उरलेली हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी जावी, इतपतच घट्ट असावी. फार घट्ट बसविली तर पुढच्या वेळी काढताना त्रास होतो. फार सैल असेल तर प्रत्येक वेळी दिशा बदलताना तिला झटका बसतो आणि ती विनाकारण झिजून तुटते. पीन निसटू नये म्हणून काही लेथवर कडे किंवा छोटा स्क्रू असतो, तो आठवणीने लावावा.

पीन बसल्यावर स्लीव्ह आणि शाफ्ट या दोघांवर सेंटर पंचने एकेक बारीक ठिपका समोरासमोर मारावा. पुढच्या वेळी छिद्रे जुळविणे सोपे जाते. शिवाय शाफ्ट अर्ध्या फेऱ्याने उलटा बसण्याची चूक होत नाही. जुन्या लेथवर छिद्र बरोबर मध्यातून गेलेले नसले, तर उलट बाजूने पीन जातच नाही.

आता लीड स्क्रू हाताने फिरवून तो सर्वत्र सारखा हलका फिरतो का ते पाहावे. कव्हर लावावे. मगच मेन स्विच चालू करावा. प्रथम कमी वेगात, काप न घेता कॅरेज डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत चालवून पाहावी. नंतर हलका काप घ्यावा. सर्व ठीक असेल तर नेहमीचे काम सुरू करावे.

आटे पाडताना पीन तुटली असेल, तर अर्धवट राहिलेल्या जॉबवर लगेच पुढचा काप घेऊ नये. स्पिंडल आणि लीड स्क्रू यांचे जुने नाते आता बदललेले असू शकते. ६ मि.मी. पिचच्या लीड स्क्रूवर अर्ध्या फेऱ्याचा फरक म्हणजे ३ मि.मी. सरकणे. २ मि.मी. पिचचा आटा असेल, तर हत्यार बरोबर आट्याच्या माथ्यावर येईल आणि जॉब वाया जाईल. म्हणून हत्यार मागे घेऊन हाफ नट लावावा, स्पिंडल पुढच्या दिशेने थोडा फिरवून सगळी ढिलाई एका बाजूला काढावी आणि मग कंपाउंड स्लाइडने हत्यार जुन्या आट्याच्या घळीत नेमके जुळवून पुढे जावे.

८. का तुटली, हे शोधल्याशिवाय काम संपत नाही

पीन बदलणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे कारण शोधणे. आमच्या अनुभवात वारंवार आढळलेली कारणे अशी :

कॅरेज लॉक करण्याचा बोल्ट आवळलेला राहिला आणि फीड लावला. फेसिंगचे काम झाल्यावर हे सर्रास होते.

कॅरेज चकवर, जॉबच्या खांद्यावर किंवा टेलस्टॉकवर आदळली. काम सुरू करण्यापूर्वी कॅरेज हाताने पूर्ण अंतर चालवून पाहिली, तर हे टळते.

बुरा रॅकमध्ये, गिअरमध्ये किंवा बेडवर साचून दाबला गेला.

फीड आणि हाफ नट एकाच वेळी लागले. हे लागू नयेत म्हणून अडसर असतो, पण जुन्या लेथवर तो झिजलेला असतो.

मोठ्या पिचचे आटे पाडताना काप फार खोल घेतला, किंवा हत्यार बोथट होते.

लीड स्क्रू कोरडा, गिब फार आवळलेली, किंवा ब्रॅकेट वाकडा.

मशीन वेगात असताना गिअर बॉक्सचे दांडे बदलले.

पीन तुटली की तारीख, कोणते काम चालू होते, कॅरेज कोठे होती आणि पिनेचा धातू कोणता, एवढ्या चार गोष्टी वहीत लिहाव्यात. तीन-चार नोंदी झाल्या की कारण आपोआप समोर येते. वर्षातून एकदा पीन तुटली तर ती आपले काम करते आहे असे समजावे. आठवड्यात दुसऱ्यांदा तुटली, तर तिसरी पीन बसविण्याआधी मशीन तपासावे.

एक इशारा अवश्य देतो. शिअर पीन मशीनला वाचविते, माणसाला वाचवीत नाही. स्पिंडल आणि चक यांच्यावर तिचा काही ताबा नाही. पीन तुटल्यावरही चक फिरतच राहतो. हातमोजे घालून, सैल बाह्यांचा शर्ट घालून किंवा गळ्यात मफलर ठेवून लेथवर उभे राहू नये.

९. समारोप

आजकाल सीएनसी लेथ आले आहेत. त्यांतही भार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की मोटरचा ड्राइव्ह स्वतःच थांबतो. साधन बदलले, तत्त्व तेच राहिले. परंतु लहान शेडमधून अजूनही जुने लेथ चालू आहेत. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे, एचएमटीचे, राजकोट-बटाल्याकडून आलेले असे लेथ आजही कित्येक घरांची चूल पेटती ठेवतात. त्यांची किंमत त्यांच्यावर काम करणाऱ्यालाच ठाऊक असते.

तरुण कारागिरांना आमचे एवढेच सांगणे आहे, की नग कमी भरले तर एका दिवसाची कमाई कमी होते. पण घाईत चुकीची पीन ठोकली तर शेजारच्या लेथवरच्या माणसाच्या घरी त्याची झळ पोहोचते. आणि चूक झालीच, तर ती त्याच दिवशी सांगावी. आम्ही एक रात्र उशीर केला, त्याचे वाईट आम्हाला आजही वाटते.

हा लेख वाचून एखाद्या शेडमध्ये हेडस्टॉकजवळ पाच पितळी पिनांची एक डबी टांगली गेली, तरी आमच्या लिहिण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.